गया मला विसरली तो दिवस

आमच्या भागात कुणाच्या घरी छातीचं ऑपरेशन निघालं की त्या घरचं एखादं माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतंच. "गुरुजी, वैनींचं कसं झालं हुतं, सांगा की." मी सांगायला सुरुवात केली की आतून गयाचा आवाज येतो, "झालं तेवढंच सांगा, पदरचं घालू नका!" इतक्यांदा सांगून झालंय की एकदाचं लिहून काढावं म्हटलं. डॉक्टरी मला कळत नाही, त्यामुळे ती यात सापडणार नाही. भीती कशी असते हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे, आणि ती जाते कशी तेही.

गया माझी बायको. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आमची मुलगी शकू सात वर्षांची. मी तिसगावजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. घरची कोरडवाहू जमीन थोरला भाऊ बघायचा, त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो.

काळजाला भोक

गयाला दम लागायचा. आडावरून कळशी आणताना ती मध्ये दोनदा टेकायची. आळीतल्या बाया तिला आळशी म्हणत. खरं सांगायचं तर मीही एकदा चिडून तेच म्हणालो होतो. ती काही बोलली नाही, आणि गया काही बोलली नाही हीच खरं तर काळजीची गोष्ट होती. मला ती तेव्हा कळली नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण घरातलं माणूस सारखं दमत असेल तर त्याला बोल लावण्याआधी दवाखान्यात न्यावं.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात ती चुलीपुढेच कोसळली. ओठ निळे पडले होते. दादाने बैलगाडी जुंपली आणि आम्ही तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई इंग्लंडच्या, पण वीस वर्षं आमच्या जिल्ह्यात काढलेल्या. मराठी अगदी झकास बोलायच्या, फक्त रागावल्या की इंग्रजीत जायच्या. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, पुण्याला पाठवून तपासण्या करून घेतल्या, आणि पंधरा दिवसांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"गया, तुझ्या काळजाच्या आत पडदा आहे. त्याला भोक आहे. जन्मापासूनच आहे."

"अगं बया! मंग इतकी वर्सं मी ह्यांचा संसार भोक पडलेल्या काळजानं केला व्हय?" गया म्हणाली. मग जरा विचार करून तिने विचारलं, "बाई, ठिगळ न्हाई लावता येत?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेच लावायचं आहे. खरंच कापडाचं ठिगळ लावतात."

मला त्यांनी नंतर बाहेर बोलावलं आणि हसू बाजूला ठेवून सांगितलं, की ऑपरेशन झालं नाही तर वर्ष, फार तर दीड वर्ष. मुंबईत अशी ऑपरेशनं होत होती, पण नंबर लागेपर्यंत गया तग धरेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्यांच्याबरोबर शिकलेला एक सर्जन इंग्लंडच्या उत्तरेकडे एका मोठ्या इस्पितळात होता. त्यांनी त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, पाठवा. खर्चाचं मी इथे लिहीत बसत नाही. गावाने आणि बाईंच्या तिकडच्या मंडळींनी मिळून आम्हाला धाडलं, एवढं पुरे.

दादाला हे पसंत नव्हतं. तो दोन दिवस जेवला नाही. "रंगा, तिकडं काय बरंवाईट झालं तर आपली मातीबी मिळायची न्हाई तिला," तो म्हणाला. गया डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराआडून म्हणाली, "भावजी, मातीचं मागनं बघू. मला आधी जगायचं बघू द्या." दादा उठला आणि जेवायला बसला. शकूला थोरल्या वहिनींनी आपल्या पंखाखाली घेतलं. निघायच्या दिवशी पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मी मात्र एस.टी.त रडलो.

तिथे नातेवाइकाला काम नसतं

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. व्याकरण माझं पक्कं होतं, त्याचा मला जरा ताठाही होता. विमानतळावर पहिल्या गोऱ्या माणसाने तोंड उघडलं आणि ताठा तिथेच उतरला. तो काय बोलला यातला मला एक शब्द कळला नाही.

आपल्याकडे दवाखाना म्हणजे पेशंटबरोबर सगळं घर. एकजण डबा आणणार, एकजण पाय चेपणार, एकजण खाटेखाली झोपणार. तिथे घंटा व्हायची. दुपारी दोन तास, संध्याकाळी एक तास. पहिल्या घंटेला नातेवाइकांनी आत, दुसऱ्या घंटेला बाहेर. गयाला भरवायला नर्स, धुवायला नर्स, उठवायला नर्स. मी साडेचार हजार मैल हिची सेवा करायला आलो, आणि सेवा करायची तर मला कुणी हात लावू देईना. मी बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहायचो. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर रोज सांगायच्या, घरी जा. मी रोज "थँक यू" म्हणून तिथेच बसायचो.

शेवटी केसांनी मला आत नेलं. गयाचे केस कमरेच्या खाली, आणि तिकडच्या नर्सना वेणी घालणं जमेना. चार दिवसांत केसांच्या जटा झाल्या. गयाने हात जोडून सिस्टरला खुणेने सांगितलं, ह्यांना बोलवा. मला तरी वेणी कुठे येत होती? गयाने पडल्या पडल्या शिकवली. "तीन पेड करा. आता उजवीकडचा मधी. तो न्हाई, वो गुरुजी, उजवा!" शेजारच्या खाटांवरच्या बाया मान वळवून बघत होत्या. पहिली वेणी वाकडी झाली. पण त्या दिवसापासून सकाळी अर्धा तास मला आत सोडायला लागले. आपलं काहीतरी काम आहे म्हटल्यावर माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण एक विधवा बाई होती. मी तिच्या स्वयंपाकघरात पिठलं-भात करून डब्यात न्यायचो. पहिल्या दिवशी लसूण-मिरचीच्या फोडणीने ती खोकत रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या खिडक्या आधीच उघडून ठेवल्या आणि मला कर म्हणून खूण केली. बाहेर बर्फ पडत होता आणि ती बाई अंगात कोट घालून माझी फोडणी होईपर्यंत बसून राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वेगळंच रामायण झालं. अंगावर दागिना चालत नाही, म्हणून नर्स मंगळसूत्र काढायला आली. गयाने गळ्यावर हात घट्ट धरला. नर्स बिचारी चांगली होती. तिने सुचवलं की पायाच्या घोट्याला चिकटपट्टीने बांधू, छातीपासून लांब राहील. मी ते मराठीत सांगितलं मात्र, गया उठून बसली.

"पायात? मंगळसूत्र पायात? त्यापरीस मी भोक घिऊन घरी जाते!"

आणि ती खरोखर चपला शोधायला लागली. मी घाबरलो, कारण ही बाई बोलते ते करते. अर्धा तास बोलणी चालली. अखेर उजव्या मनगटाला काळे मणी गुंडाळून वर पट्टी मारायची, असं ठरलं. ते नर्सने इतक्या हळुवार हाताने केलं की गयाने तिची अलाबला घेतली.

सकाळी तिला ढकलगाडीवर नेताना ती मला म्हणाली, "शकूचे केस दर ऐतवारी धुवायला सांगा वैनीला. उवा हुतात तिला." एवढंच. दार बंद झालं. मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने घरमालकीण आली, लोकर आणि सुया काढून माझ्या शेजारी विणत बसली. दुपार कलेपर्यंत ती तशीच विणत होती. तेहतीस कोटी देवांना माझ्या हाका मारून झाल्या होत्या. मग सर्जनसाहेब बाहेर आले, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ठिगळ छान बसलं आहे.

चहाचा कप

सगळं पार पडलं असं मी धरून चाललो होतो. दोन दिवस मला काचेतूनच बघू दिलं. तोंडात नळी, अंगभर नळ्या, डोळे मिटलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मुख्य सिस्टरने मला एका लहान खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. त्या देशात वाईट बातमी सांगायच्या आधी चहा देतात, हे मला तोवर कळलं होतं.

एक तरुण डॉक्टर आला. माझ्यासाठी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. तोंडातली नळी काल रात्री काढली. पेशंट बोलते आहे. अशा ऑपरेशननंतर डोकं ठीक आहे ना, हे बघायला काही साधे प्रश्न विचारतात. इस्पितळात साफसफाई करणारी बलजीत नावाची पंजाबी बाई होती, तिला हिंदीतून विचारायला बोलावलं होतं. गयाने आपलं नाव बरोबर सांगितलं. गावाचं नाव सांगितलं. मुलीचं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मात्र तिने डोळे मिटून घेतले. पुन्हा विचारलं, तोंड फिरवलं. चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ऑपरेशन चालू असताना कधी कधी मेंदूला रक्त कमी पडतं," तो म्हणाला. "आठवणीचा एखादा तुकडा जातो. दुपारी तुम्ही भेटाल तेव्हा ती तुम्हाला ओळखेलच असं नाही. मनाची तयारी ठेवा."

चहा तसाच राहिला. मी बाहेर आवारात गेलो. दहा वाजले होते आणि घंटा दोनला होती. ते चार तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही. गाव आठवतं, लेक आठवते, आणि नेमका मीच गेलो! मग मनात आलं, बरोबरच आहे. मी तिला आळशी म्हणालो होतो. काळजाला भोक असलेल्या बाईकडून मी दहा वर्षं पाणी भरून घेतलं. विसरून जाण्याजोगाच नवरा होतो मी. बर्फाच्या चिखलात उभा राहून मी हुंदके देऊन रडलो. जाणारे-येणारे बघत होते, त्याची लाज वाटली नाही.

रडून झाल्यावर मी मास्तरासारखा विचार करायला लागलो. नाही ओळखलं तर काय? जगली तर आहे. लग्नाआधी तरी ती मला कुठे ओळखत होती? पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यायची. मग मी आवारात फेऱ्या मारत वाक्यं पाठ केली. मी रंगनाथ. मी शाळेत शिकवतो. मी तुझा नवरा आहे, घाबरू नकोस.

दोनची घंटा झाली. खाटेभोवती सर्जनसाहेब, तो तरुण डॉक्टर, सिस्टर आणि बलजीत अशी सगळी मंडळी उभी होती. गया उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण ओठ गुलाबी. असे ओठ मी तिचे कधी पाहिलेच नव्हते. मी पुढे झालो, घसा साफ केला आणि म्हणालो, "गया, मी... मी रंगनाथ."

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मंग? मी काय आंधळी हाय?"

तिने मला बोटाने जवळ बोलावलं आणि कानाशी पुटपुटली, "आधी ह्या बाईला हितनं घालवा. सकाळधरनं चारदा, चारदा परक्या बाप्यांम्होरं मला तुमचं नाव घ्यायला लावती. हिच्या आयबापांनी काय रीतभात शिकवली का न्हाई?"

मी मटकन खाटेवर बसलो. खाटेवर बसायला तिथे सक्त मनाई होती. मला हसू आवरेना, आणि रडूही आवरेना. दहा वर्षांच्या संसारात गयाने एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं. शेतात हाक मारायची तर "अवो, ऐकलं का." आणि मी, त्याच गावात जन्मलेला, लोकांची पोरं शिकवणारा शहाणा, चार तास बाहेर रडत होतो, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही! मी डॉक्टरांना कसंबसं सांगितलं, की आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मानापोटी घेत नाही. बलजीतने कपाळावर हात मारला. "मेरी सास भी नहीं लेती थी! मुझे क्या हो गया था?"

तरुण डॉक्टरचा चेहरा खुलला. सर्जनसाहेब मात्र अडून बसले. त्यांचंही चूक नव्हतं. नवऱ्याच्या सांगण्यावरून ते कागदावर काय लिहिणार? त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी गयाला म्हणालो, "उखाण्यात घे. उखाण्यात चालतं की."

"हितं? ह्यांच्यापुढं?"

"घे. त्यांनी तुझं काळीज हातात घेतलंय. तुझं ऐकायचा त्यांना हक्क आहे."

तिने नर्सकडून टॉवेल मागून घेतला, डोक्यावरून नीट पदरासारखा घेतला. जरा विचार केला. मग दमादमाने, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"सातासमुद्रापल्याड येऊन छातीला लागली कातर,
रंगनाथरावांचं नाव घेते ह्या गोऱ्या डॉक्टराच्या खातर!"

बलजीतने टाळ्या वाजवल्या. तिला मराठी येत नव्हतं, पण काय झालं ते तिला पुरतं कळलं. मी इंग्रजीत अर्थ सांगितला. पडल्या जागी, छातीला टाके असताना, कुणी यमक जुळवून दाखवलं याचं सर्जनसाहेबांना इतकं नवल वाटलं की ते वाकून गयाला म्हणाले, "मॅडम, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय." त्या दिवशी मला जे वाटलं त्याला आनंद हा शब्द तोकडा आहे. मी त्या इस्पितळाच्या पायऱ्या तीन-तीन एकदम उतरलो.

पुढे परगावी कुणाला दवाखान्यात नेणाऱ्यांना मी हेच सांगत आलो. आपल्या रीती आपल्याला इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सांगायच्या असतात हेच आपण विसरतो. काय खातो, काय काढत नाही, काय बोलत नाही, ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. डॉक्टर हसले तर हसू द्या.

परत

नंतरचे दिवस भराभर गेले. आधी खाटेभोवती चालणं, मग व्हरांडा, मग जिना. जिन्याच्या दहा पायऱ्या गया एका दमात चढली तेव्हा ती वर उभी राहून मला म्हणाली, "आता तुमी चढून दाखवा." शकूचं पत्र आलं, मोठमोठ्या अक्षरांत. आई, दुष्काळ पडलाय, आम्हाला शाळेत खायला सुकडी मिळते. दादा तलावाच्या कामावर जातात. तू कधी येशील. गया ते पत्र उशीखाली ठेवायची आणि मला रोज वाचायला लावायची. निघताना घरमालकीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी तिला फोडणी शिकवून आलो होतो.

गावी पोहोचलो ते ऐन उन्हाळ्यात. दुष्काळ जोरात होता, रान पार उघडं पडलं होतं. फाट्यावर एस.टी. थांबली तर दादा बैलगाडी घेऊन उभा. गाडीत गादी, वर चादर, आणि बाजूला शकू. पोरगी उंच झाली होती. आईला बघून ती लाजली, मग एकदम येऊन कमरेला बिलगली.

"बस गया गाडीत," दादा म्हणाला. "लई ऊन हाय."

"न्हाई भावजी. मी चालणार. तुमचे भाऊ बसतील, ते दमल्यात."

फाट्यापासून गाव दीड मैल. मी मुकाट्याने गादीवर बसलो, आणि त्या दोघी मायलेकी हात धरून गाडीपुढे चालायला लागल्या. ओढ्यावरच्या मोरीपाशी आल्यावर शकूने आईचा हात सोडला, मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली. पोरगी चालायला शिकली तेव्हापासून आईबरोबर या वाटेने येताना इथे थांबायचंच, हे तिला ठाऊक होतं. पुढे बाभळीखाली थांबायचं, त्याच्या पुढे आडाशी.

गया कठड्यावरून पुढे निघून गेली.

"आई, बसायचं ना?"

गया वळली. काय झालं ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "न्हाई गं. तुझे पाय दुखत्यात का? मंग तू बस."

शकू उठली. आईच्या तोंडाकडे बघत बघत चालायला लागली. बाभळीपाशी तिची पावलं पुन्हा अडखळली, आई थांबली नाही म्हणून तीही थांबली नाही. आडाच्या अलीकडे मला तिचं हसू ऐकू आलं. तिने आईचा हात धरून ओढला आणि दोघी पळायला लागल्या. गाडीत उभा राहून मी ओरडलो, "गया, अगं सावकाश!" दादाने बैलांना हाकललं, पण त्या काही आम्हाला सापडल्या नाहीत.